पोरगा म्हणंल तसं

२९ एप्रिल
आन् वर बाप फोनवर मलाच म्हणतो, शांत हो. शांत हो म्हणणारा हा कोण? खांबावरचा आकडा ह्यानं काढला, घरातला पंखा ह्यानं बंद पाडला, माय उकाड्यानं बाहेर ओट्यावर लोळती ती ह्याच्यापायी. आन् शांत मी व्हायचं.
साऱ्या वस्तीच्या तारा त्या खांबावर टाकलेल्या हायत. पाटलाची विहिरीवरची मोटार आकड्यावर चालती. तिथं कुणाचं शील मोडत न्हाई. बुद्ध आलाय तो आमच्याच घरात. म्हणतो, "जे दिलेलं न्हाई ते घ्यायचं न्हाई, राहुल. ती चोरी झाली." चोरी! मायच्या पदराची गाठ सोडून पिणारा माणूस मला चोरी शिकवतो.
मायला म्हणलं, तू कावून काढू दिला? म्हणली, "जाऊ दे, कंदील हाय की."
जाऊ दे. तिला बी तेवढंच येतं.

३० एप्रिल
भट्टीतून फरशी निघती ती फिरत्या रुळावरून आमच्याकडं येती. हातात घ्यायची, बोटानं टकटक करायची, आवाज भरीव आला तर डब्यात, फुटका आला तर भंगारात. दिसायला दोन्ही सारख्याच. दिवसभर तेच. गुजरातेत, मोरबीत येऊन दुसरं काय शिकलो न्हाई. आठवी नापासाला दुसरं कोण काय शिकवतंय.
आज लई भंगार निघालं. शेठ म्हणला, तू मुद्दाम बाजूला टाकतो. म्हणलं, तुमी वाजवून बघा. त्यानं वाजवून बघितली न्हाई, शिवी दिली आन् गेला.
डोकं काल्चंच गरम हाय. माणूस सुधारला म्हणून सारी वस्ती खूश. मागच्या पावसाळ्यात विहारात भंतेजी मुक्कामाला आले, वर्षावास केला, हा त्यांच्या नादाला लागला. दारू सुटली. एका झटक्यात. मंग आधी सुटत नव्हती ती कावून? मायनं पाया पडून सांगितलं, आजीनं अन्न सोडलं, तवा न्हाई सुटली. परक्या माणसानं येऊन पंचशील दिलं की सुटली. म्हंजी सुटत व्हती. आमच्यासाठी सोडायची नव्हती.
ह्याच्यावर कुणी बोलत न्हाई.

२ मे
सुजीचा फोन. (सुजाता, माझी बहीण. मी सोडून सारे तिला सुजाताच म्हणतात.) हसून हसून बोलता येईना.
सरपणात विंचू निघाला. माय फुकणी घेऊन मारायला गेली तर बाप आडवा. "प्राणी मारायचा न्हाई." डब्यात धरला, घराच्या मागं नेऊन सोडला. माय म्हणली, "मागं कुठं सोडला?" म्हणला, "दगडापाशी." माय म्हणली, "तिथं तर मी परसाकडं बसती की!" मंग दोघं कंदील घेऊन विंचू हुडकत फिरले. एक मारायला, एक वाचवायला.
हसलो मी बी. मंग राग आला हसल्याचा.
घरात विंचवाला दया, आन् आमी काय व्हतो तवा? किडे?

४ मे
लगीन मोडलं. मोडलं म्हंजी ठरायच्या आधीच गेलं.
धर्मापुरीचे पाहुणे सुजीला बघायला आलते. पोरगा, त्याचा मामा, दोन बाया. पोहे झाले, चहा आला. सुजीचा डावा हात कोपरात वाकडा हाय, सरळ व्हत न्हाई. ट्रे घेताना दिसतंच. मामानं इचारलं, "हाताला काय झालं व्हतं ओ?"
आमच्या घरी ह्याचं उत्तर ठरलेलं हाय. चिंचेवरून पडली. शाळेत तेच सांगितलं, दवाखान्यात तेच, मावशीला तेच. मायनं तोंड उघडलं तेवढ्यात बाप बोलला.
"न्हाई. मी मोडला. पिऊन व्हतो. हात पिरगाळला तो मोडला. पोर लहान व्हती."
सुजी सांगती, मामानं बशी खाली ठिवली. एका बाईनं दुसरीकडं बघितलं. पोरगा मोबाईलमधून पहिल्यांदा वर बघाया लागला. बाप आपला हात जोडून बसलेला. पाहुणे म्हणले कळवतो. कळवत्यात कशाचं. ह्या बापाच्या घरची पोरगी कोण नेतंय?
फोन करून म्हणलं, तू एक दिवस खोटं बोलला असता तर काय तुझा बुद्ध मेला असता का?
म्हणला, "खोटं बोलायचं न्हाई असं शील घेतलंय, राहुल."
मी फोन आपटला. काच तडकलीय.

५ मे
खोटं बोलायचं न्हाई. त्याचं शील राहिलं, पोरीचं लगीन गेलं. त्याला पुण्य, तिला वाकडा हात.

६ मे
सुजी मलाच वरडली आज.
म्हणली, "दादा, तू कावून एवढा पेटलास? लगीन माझं मोडलंय."
म्हणलं, म्हणूनच.
म्हणली, "मला त्यो पोरगा पसंत नव्हता. सारखं मोबाईलमधी डोकं. आन् आयक. मी इतकी वर्षं चिंचेवरून पडतीय. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला खाली उतरवलं."
मी म्हणलं, मंग काय आरती करू त्याची?
"नको करू. मी बी करत न्हाई. पण खरं बोलला एवढं तरी म्हण."
म्हणणार न्हाई.

७ मे
आता कळलं एवढं गोड कावून चाललंय.
अंबाजोगाईच्या बाजूला येत्या बुद्धपौर्णिमेला श्रामणेर शिबिर हाय. मुंडन करायचं, चीवर घालायचं, दहा दिवस भंतेंसारखं राहायचं. सकाळी वस्तीत भिक्षा मागायची. दुपारनंतर जेवायचं न्हाई. आमच्यात पुष्कळ जण करतात, पोरं बी करतात, त्यात नवल न्हाई. ह्याला बी करायचंय. करू दे की. पण भंतेजींनी अट घातली. संसारी माणूस हाय तर बायकोनं हो म्हणायला पायजे, हे सगळीकडंच इचारतात. आमच्या भंतेंचं अजून एक पुढं. ज्याच्या ज्याच्यावर हात उचलला त्याच्या त्याच्या म्होरं जाऊन माफी मागायची आन् त्याचं हो आणायचं. नंतरच वस्तारा.
सुजी हो म्हणली. तिचं सुजीला ठाव.
मायला इचारलं तर ती म्हणली, "पोरगा म्हणंल तसं."
म्हंजी माझ्यावर आलं.
दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन. बापच. गळा खाकरला. मंग शाळेतल्या पोरानं कविता म्हणावी तसं, "राहुल, काया, वाचा, मनानं माझ्याकडून तुझा जो काही अपराध झाला असंल, त्याची मी क्षमा मागतो."
झाला असंल? असंल?
म्हणलं, तुला आठवत न्हाई का कोणता? मी सांगतो, लिहून घे.
मी फोन कट केला.

८ मे
जगन हा माझा खोलीतला जोडीदार, ओडिशाचा. त्याला सारं सांगितलं हिंदीत, जमंल तसं. भात ढवळत ऐकलं आन् म्हणला, "तेरा बाप माफी माँगता है, मेरा बाप हर महीने मोबाईल माँगता है. बदल ले?"
असली थट्टा. पण त्याच्या बापानं त्याला कवाच हात लावला न्हाई, हे बी त्यानंच सांगितलं. त्याला काय कळणार.

१० मे
बसून बघितलं. ध्यान. म्हणलं बघू तरी काय असतंय एवढं, म्हंजी शिव्या तरी नीट देता येतील.
सुजीनं सांगितलं व्हतं, नाकाच्या शेंड्यावर लक्ष ठिवायचं, श्वास आत आला, बाहेर गेला, तेवढंच बघायचं. काय करायचं न्हाई. मन पळालं की परत आणायचं, वैतागायचं न्हाई.
जगन ड्युटीवर गेलता. डोळे मिटून बसलो. आत. बाहेर. आत. बाहेर. आन् लगेच बाप आला पट्टा घेऊन. परत आणलं नाकावर. परत आला. ह्या बारीला मायचा आवाज बी. मंग उठलोच.
हे बसून त्याला शांत वाटतंय? त्याला कावून दिसत न्हाई पट्टा? मारणाऱ्याला डोळे मिटल्यावर अंधार दिसतो, मार खाणाऱ्याला सारं उजेडात. ही कसली व्यवस्था हाय?
आन् "सोडून द्या, सोडून द्या". आमच्याजवळ सोडायला हाय काय? जमीन न्हाई, घर पत्र्याचं. एक राग हाय माझा, सोताचा, लहानपणापासून सांभाळलेला. तेवढा बी द्यायचा का?

११ मे
परत फोन. आज पाठ केलेलं न्हाई बोलला. म्हणला, "तू म्हणलास लिहून घे. बोल. मी आयकतो."
मंग मी सुटलो. पिऊन आलेला रोजचा. माझी पाटी चुलीत घातलेली. सुजीचा हात. आजी मेली तवा हा बसस्टँडवर गटारीच्या कडंला पडलेला, खांदा द्यायला मला उभं केलं, मी काय उंचीचा व्हतो तवा. मायच्या कानातनं रक्त. तिला अजून त्या कानानं कमी येतं. शिव्या बी दिल्या मधी मधी, येतात त्या साऱ्या.
तो हूं हूं करत राहिला. कुठं म्हणला न्हाई की असं न्हाई झालं. शेवटी मी दमलो तर म्हणतो, "बुद्धाला एका माणसानं लई शिव्या दिल्या. बुद्ध म्हणले, तू पाहुण्याला ताट वाढलं आन् पाहुण्यानं घेतलं न्हाई तर ते ताट कुणाचं? त्यो म्हणला, माझंच. मंग ह्या शिव्या बी..."
पुढं ऐकूनच घेतलं न्हाई. म्हंजी शिव्या माझ्याकडंच परत? मीच वाढल्या, मीच जेवायच्या? मार खाल्ला तवा मी बी म्हणायला पायजे व्हतं, आबा, हा पट्टा मी घेतला न्हाई, तुमचाच तुमच्याकडं ठिवा.
मला भांडायला बाप पायजे. हा भिंत झालाय. भिंतीवर डोकं आपटून डोकंच फुटतंय.

१२ मे
आज भट्टीकडचा पंखा बंद. एक बिहारी पोरगा चक्कर येऊन पडला. पाणी मारलं, उठला, परत कामाला.
घरून फोन न्हाई. बरं.

१३ मे
आज त्याला फोडला.
मीच फोन केला. ठरवूनच केला. म्हणलं, शिबिराचं काय ठरलं? गरीब आवाजात म्हणला, "तू म्हणशील तसं." म्हणलं, एक इचारतो. तवा पिऊन डोळे मिटून पडायचा. आता न पिता डोळे मिटून बसतो. फरक काय? तवा बी घर मायनंच चालवलं, आता बी मायच चालवती. तू आपला डोळे मिटून. तुझं ध्यान म्हंजी दुसरी दारू हाय, फकत वास येत न्हाई. आन् त्या भंतेला सांग, त्याच्या चीवराखाली...
"ए भडव्या! लई झालं! हितं आलास तर जीभ हासडून हातात देईन!"
तोच आवाज. अगदी तोच, कुठं घासला न्हाई, गंजला न्हाई.
आन् माझा हात डोक्यावर गेला. आपोआप. कोपर पुढं, मान खाली. बाप तिकडं धारूरच्या घाटाखाली, मी मोरबीत रुळाच्या शेजारी, मधी राज्याची शीव, आन् मी डोकं झाकून उभा. पुढची फरशी खाली पडून फुटली.
मंग हसाया आलं मला. म्हणलं, आलास? ह्योच बाप. ह्यालाच वळखतो मी.
श्वास ऐकू येत व्हता. मंग हळू म्हणला, "तुझं खरं हाय." फोन ठिवला.
जिंकलो.

१४ मे
जगनला चहा पाजला. कावून म्हणला. म्हणलं, असंच.
दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी तेवढं न्हाई.

१५ मे
सुजीचा फोन, आवाज बारीक. म्हणली काल आबा सोताच विहारात गेले. भंतेजींना सांगितलं, माझं शील मोडलं, पोराला मारायची भाषा केली. परत पंचशील घेतलं. आन् शिबिरातून नाव काढून टाका म्हणले, मी लायक न्हाई. भंतेजी म्हणले थांब की जरा. थांबले न्हाईत. घरी येऊन जेवले न्हाईत, बसले बी न्हाईत.
"बसले न्हाईत" म्हंजी ध्यानाला. आमच्या घरात आता बसणं म्हंजी तेवढंच.
म्हणली, "दादा, तू काय बोललास त्यांना?"
म्हणलं, खरं बोललो. तुमाला खरंच आवडतं ना?

१६ मे
मायचा फोन, सकाळच्या चहाच्या वक्ताला. ती कवा सोताहून करत न्हाई.
"तुझा बाप उजाडायला गेलाय कुठं तरी. आंघोळ न्हाई का चहा न्हाई."
म्हणलं, येईल.
"कुठं जातोय असा न सांगता, तुला म्हाईत हाय."
म्हाईत हाय. मंग म्हणली, "झालं तुझं समाधान?" आन् ठिवला.
रुळाशी कामाला उभा राहिलो. टकटक, डब्यात. टकटक, भंगारात. एकच डोक्यात. पिला तर मी खरा ठरतो. मी पहिल्यापासून म्हणत आलोय, ही सुधारणा खोटी, वरचा मुलामा हाय. पिला तर सारी वस्ती म्हणंल, राहुल्या बरोबर बोलत व्हता.
आन् न पिला तर?
न पिला तर मी कोण मंग.
दुपारी सुजीला लावला, उचलला न्हाई. परत लावला. शेठ म्हणला, मोबाईल जमा कर. दिला. हात कशात लागंना. भरीव फरशी भंगारात टाकली आन् फुटकी डब्यात. मलाच कळलं न्हाई, जगननं उचलून दाखवली.
दिवसभर मी काय मागत व्हतो ते हितं लिहिणार न्हाई. बुद्धाला तर मागतच न्हाईत, तो कुणाला काय देत न्हाई. तरी.
सुट्टी झाल्यावर मोबाईल मिळाला. सुजीचा आलता. लावला.
सापडला. कुठं? धारूरला देशी दारूच्या दुकानासमोर. पलीकडच्या बाजूला कट्ट्यावर बसलेला, सकाळपासून. ऊन डोक्यावर आलं तरी हाललेला न्हाई. शेवटी दुकानवालाच बाहेर आला, त्याचं जुनं गिऱ्हाईक हाय ना. म्हणला, "किसनमामा, घ्यायची तर घ्या, न्हाई तर घरी जा. तुमी असं टक लावून बसलाव तर लोक आत यायला बिचकायलेत." त्यानंच रिक्षात घालून पाठवून दिला.
"पिला का?"
"मायनं तोंड हुंगलं. न्हाई."
"नीट हुंगलं का?"
"दादा, एवढ्या वर्षांत तिच्याइतकं नीट कोण हुंगलंय."
तिथं बसून काय करत व्हता इचारलं तर म्हणला म्हणं, "बघत व्हतो मन काय करतंय."
ह्याला बी ध्यानच म्हणतो.
मी खाटेवर बसलो तो बसलोच. जगन म्हणला, खाना? म्हणलं, खा तू.

१८ मे
भंतेजींचा फोन. सुजीच्या मोबाईलवरून, मला वाटलं सुजीच. म्हणले, "जय भीम राहुल, मी विहारातून बोलतोय."
आवाज जवान हाय. आमच्याच भागातला, बोलणं बी आमच्यासारखंच. मला वाटलं व्हतं पुस्तकी असंल.
मी बी सोडलं न्हाई. म्हणलं, तुमी प्रवचनात गोष्ट सांगता ना, माणसं मारून बोटांची माळ घालणारा डाकू. बुद्ध भेटला, चीवर घेतलं, सुधारला, पार मुक्त झाला. लई भारी गोष्ट. बापाला लई आवडती ती. मला एक सांगा, ज्यांची बोटं कापली त्यांना कुणी इचारलं का? त्यांच्या पोरांना?
वाटलं व्हतं आता पाली गाथा येईल, समजावणं येईल.
म्हणले, "न्हाई. कुणी इचारलं न्हाई. गोष्टीत त्यांचं नाव बी न्हाई. म्हणून मी इचारतोय तुला."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
म्हणले, "दुसरं. माफ कर असं मी म्हणत न्हाई. ते तुझं तू. करशील न करशील. मी एवढंच इचारतो, दहा दिवस त्याला माझ्याकडं येऊ देऊ का नको. नको म्हणलास तर नको. तुझ्यावर कुणी रागावणार न्हाई. त्याचं नाव त्यानं काढलंय, मी खोडलेलं न्हाई."
म्हणलं, तुमाला सोपं हाय. तुमाला कुणी मारलं न्हाई.
म्हणले, "माझा बाप बी पित व्हता. मी चौदाव्या वर्षी पळून आलो. त्यानं कवा माफी मागितली न्हाई. मी आजून वाट बघतो, आन् मी भंते हाय."
हसले. मला त्यांच्या त्या हसण्याचा राग आला. मंग पुढं म्हणले, "तू राहुल ना. बुद्धाच्या पोरानं बापाकडं वारसा मागितला व्हता, म्हाईत हाय?"
म्हणलं, आमच्या वस्तीत चार राहुल हायत. एकाचा बी बाप राजा न्हाई. मला काय वारसा मिळालाय ते मी परवा फोनवर ऐकलं.
म्हणले, "बरं. ठिवू का मंग? परवा-तेरवापतूर सांग."
सांगतो म्हणलं. कावून म्हणलं कळत न्हाई. नको म्हणता आलं असतं.

१९ मे
नको म्हणायला तोंड उघडतो आन् तो दुकानासमोर बसलेला दिसतो. हो म्हणायला उघडतो आन् चिंचेचं झाड दिसतं.
फुकटचा राग येतोय साऱ्यांचा. जगन गातो त्याचा बी. भंतेचा तर लईच. सरळ भांडला असता तर नको म्हणून मोकळा झालो असतो.
एवढा मोठा निर्णय माझ्यावर टाकला कुणी? मायनं. पोरगा म्हणंल तसं. पोरगा कोण? मी तर निघून आलोय. दाढी फुटली न्हाई तवाच निघालो. मार थांबवायला थांबलो न्हाई, मार चुकवून गाडीत बसलो. मागं ती राहिली. आन् हो का न्हाई मी सांगायचं?

२० मे
मायला फोन केला, दुपारी, ती शेतातून आल्यावर. म्हणलं, चांगल्या कानाला लाव.
म्हणलं, माय, तू त्याला माफ केलं का?
"हे काय इचारणं."
सांग की.
कोंबड्यांना हाकललं मधी. मंग म्हणली, "न्हाई केलं. करायचं बी न्हाई मला. पण घरात आता सांच्याला भीती न्हाई वाटत. दार वाजलं तर हातातलं काम टाकून उठावं लागत न्हाई. मला तेवढं पायजे. माफी गेली चुलीत."
मी म्हणलं, मंग मला कावून इचारायला लावलं? पोरगा म्हणंल तसं, पोरगा म्हणंल तसं.
"मंग कुणाला इचारू? तू घरातला कर्ता."
म्हणलं, मी कशाचा कर्ता. मार तू सगळ्यात जास्ती खाल्लास. हो तुझं, न्हाई बी तुझं. माझं नाव घेऊ नको. तू म्हणशील तसं.
"मला कुणी कवा इचारलंय रे?"
आता इचारतोय.
मंग म्हणली, "तुला काय वाटतं?"
म्हणलं, मला अजून त्याचं थोबाड फोडावं वाटतं. ते धरू नको.
ती हसली. मायला असं हसताना मी लई दिवसांनी ऐकलं. म्हणली, "बघते."
हो म्हणली न्हाई. न्हाई बी म्हणली न्हाई.

२१ मे
भंतेजींना फोन करून सांगितलं, माझ्याकडं काय न्हाई, मायला इचारा. ती म्हणंल ते खरं. "बरं," म्हणले. एवढंच. ह्या लोकांचं बरं मला कळत न्हाई.
बापाचा फोन न्हाई. मी बी केला न्हाई. करणार बी न्हाई सध्या.
सुजी म्हणती, आबा काल सकाळी परत बसले, अंगणात. माय शेजारून झाडत गेली, पार त्यांच्या अंगावर धूळ उडवत. मुद्दाम. ते शिंकले, परत डोळे मिटले. मायनं परत झाडलं. परवा पौर्णिमा हाय आन् मायनं अजून तोंड उघडलं न्हाई. भंतेजी उद्या घरी येणार. ओट्यावर तिच्या म्होरं बसून इचारणार, सगळ्यांच्या देखत. ती म्हणली म्हणं, "येऊ द्या. मी पाट टाकून ठिवते."
मी इचारलं, हो म्हणंल का न्हाई? सुजी म्हणली, "दादा, मला बी कळंना. ती गाणं म्हणायलीय."
चीवर, पात्र, वस्तारा घरच्यांनी द्यायचं असतं म्हणं, दान म्हणून. मी काय देत न्हाई त्याला.
मायच्या नावावर पैसे पाठवतोय. हो म्हणली तर त्यातनं चीवर आणंल, न्हाई म्हणली तर तिला लुगडं. दोन्हीला एवढ्यात भागंल, दुकानात इचारायला लावलं सुजीला. कशाचे पैसे हायत ते मायला सांगितलं न्हाई, सांगणार न्हाई.
बावीसशे.